इंजेक्शनच्या आधीची दहा मिनिटे

नोकरीला लागून मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. हाडांच्या स्कॅनसाठी आलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे इंजेक्शन दिले, रिकामी सिरिंज शिशाच्या डब्यात टाकली आणि शिकवल्याबरहुकूम मागे सरले. मग दाराशी उभी राहून पुढच्या सूचना सांगू लागले. भरपूर पाणी प्या, वरचेवर लघवीला जाऊन या, तीन तासांनी तुम्हाला टेबलावर घेऊ. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आत्तापर्यंत अगदी शेजारी होतात, आता एवढ्या लांब का उभ्या राहिलात? माझ्या अंगात असे काय घातलेत, की तुम्हालाच त्याची भीती वाटावी?”

मी जे उत्तर दिले ते शास्त्राला धरून होते. हे औषध तुम्हाला एकदा, फार तर दोन-तीनदा मिळेल. मला मात्र अशा दहा-बारा माणसांच्या शेजारी रोज उभे राहायचे असते, म्हणून मी थोडे थोडे वाचवते, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. पण थोड्या वेळाने त्यांचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन खोलीच्या दारात आला, तेव्हा त्यांनी हाताच्या खुणेने त्याला तिथेच थांबवले आणि बाटली जमिनीवर ठेवायला लावली. ती खूण मी काचेतून पाहिली. माझे उत्तर बरोबर होते, पण ते देण्याची वेळ टळून गेली होती. मागे सरताना माझ्या दोन पावलांनी त्यांना जे सांगितले होते, ते नंतरच्या कोणत्याही वाक्याने पुसले जाणार नव्हते.

त्या दिवसानंतर मी कामाचा क्रम बदलला. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट म्हणून, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन शरीराची चित्रे काढणारी म्हणून, आज इतकी वर्षे काम केल्यावर मला वाटते की या पेशातले माणसाशी माणसाचे जे काही नाते आहे, ते जवळजवळ सगळे इंजेक्शनच्या आधीच्या दहा मिनिटांत मावते, आणि ती दहा मिनिटे जपणे हा माझ्या कौशल्याचा शीर शोधण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

किरणोत्सारापासून संरक्षणाचे तीन शब्द प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच पाठ होतात : वेळ, अंतर आणि आडोसा. स्रोताजवळ कमीत कमी थांबा, होता होईल तेवढे लांब राहा, मध्ये शिसे किंवा टंगस्टन ठेवा. यातला अंतराचा नियम सर्वांत उदार आहे, कारण लहानशा स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते आणि तिप्पट केले की नवव्या हिश्श्यावर. आम्ही छातीवर बॅज लावतो, बोटात मात्रा मोजणारी अंगठी घालतो, आणि दोन्ही ठरावीक मुदतीने तपासायला जातात. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे या कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा (शरीराला मिळालेल्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) अधिक मात्रा मिळू नये. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून जगातल्या प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. शिस्तीने काम करणारा टेक्नॉलॉजिस्ट त्या २०च्या मर्यादेपासून पुष्कळच खाली राहतो. मला या शिस्तीबद्दल मनापासून आदर आहे आणि ती सैल करावी असे मी कधीही म्हणणार नाही.

अडचण अशी की एक्स-रे किंवा सीटीच्या खोलीत स्रोत म्हणजे यंत्र असते आणि बटण सोडले की ते थांबते. आमच्याकडे सुई बाहेर निघाल्या क्षणापासून माणूसच स्रोत होतो. त्याला बंद करण्याचे बटण नसते. तो घाबरलेला असतो, त्याला टेबलावर चढताना हात लागतो, कंबर दुखत असल्याने गुडघ्याखाली उशी लागते आणि नेमका स्कॅन सुरू झाल्यावर त्याला काहीतरी विचारायचे आठवते. नियम मागे ओढतो, काम पुढे बोलावते. “वेळ” या शब्दाचा अर्धाच अर्थ आम्हाला शिकवला जातो, असे मला वाटते. नंतरचा वेळ वाचवायचा असेल तर तो आधी खर्च करावा लागतो. म्हणून मी आता सुईला हात लावण्यापूर्वी स्टूल ओढून रुग्णाच्या अगदी जवळ बसते आणि सांगते, “इंजेक्शन दिल्यावर मी तुमच्यापासून थोडी दूर उभी राहीन. त्याचे कारण आत्ताच सांगून ठेवते.” हे आधी सांगितलेले असले की तीच दोन पावले कोणालाही लागत नाहीत.

एक्स-रेमध्ये प्रकाश बाहेरून आत जातो आणि पलीकडे सावली पडते. आमच्या चित्रात प्रकाश आतून बाहेर येतो. औषध ज्या अवयवाने उचलले तिथून गॅमा किरण निघतात, म्हणून आम्हाला अवयवाचा आकार दिसतो त्यापेक्षा त्याचे चाललेले काम अधिक स्पष्ट दिसते. या कल्पनेचे मूळ एका फसलेल्या प्रयोगात आहे आणि ते मला फार आवडते. १९११च्या सुमारास मँचेस्टरमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांनी गेऑर्ग डी हेवेशी या तरुण संशोधकाला शिशाच्या साठ्यातून रेडियम-डी वेगळे काढायला सांगितले. त्यांनी पुष्कळ खटपट केली, पण ते निघेना, कारण रेडियम-डी हे शिशाचेच एक किरणोत्सारी रूप होते. हेवेशींनी मग विचार उलटा केला. ही दोन रूपे वेगळी करता येत नसतील, तर शिशात चिमूटभर रेडियम-डी मिसळले की ते शिशाबरोबर जाईल तिथे जाईल आणि आपल्या किरणांनी आपला ठावठिकाणा सांगत राहील. १९१३मध्ये व्हिएन्नात फ्रिट्झ पानेथ यांच्यासह त्यांनी हा मागोव्याचा उपाय प्रत्यक्षात आणला, १९२३मध्ये रोपांनी मुळांतून घेतलेल्या शिशाचा माग काढला, आणि १९४३चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. मी रोज वापरते ती पद्धत तीच आहे. किरणोत्सारी आयोडीन आणि साधे आयोडीन यांतला फरक थायरॉइडला कळत नाही. ती दोन्हींना सारख्याच हक्काने आत घेते.

आमचा दिवस पहाटे हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीत, सुरू होतो. तिथे शिशाच्या जाड कवचात एक जनरेटर असतो. त्याच्या आतल्या अॅल्युमिनाच्या नळीला मॉलिब्डेनम-९९ चिकटलेले असते, त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, ६६ तासांचा, आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम-९९एम जन्माला येत राहते. वरून सलाइन सोडले की मॉलिब्डेनम जागच्या जागी राहते आणि टेक्नेशियम तेवढे विरघळून निर्वात बाटलीत उतरते. जगभरच्या हॉट लॅबमध्ये या यंत्राला गाय म्हणतात आणि या क्रियेला दूध काढणे. एकदा दूध काढले की पुन्हा पूर्ण भरायला साधारण २३ तास लागतात, त्यामुळे रोज सकाळची वेळ या गायीनेच जणू ठरवून दिलेली आहे. उतरलेल्या द्रावात मॉलिब्डेनम झिरपलेले नाही ना, अॅल्युमिनियम जास्त नाही ना, हे तपासल्याशिवाय त्यातला थेंबही रुग्णाकडे जात नाही.

हा द्राव दिसायला अगदी पाण्यासारखा असतो. रंग नाही, वास नाही, ऊब नाही. शिशाच्या काचेआडून हात पुढे घालून मी टंगस्टनचे कवच चढवलेल्या सिरिंजमध्ये तो भरते तेव्हा हाताला जाणवते ते केवळ कवचाचे वजन. सिरिंज डोस कॅलिब्रेटर या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राच्या विहिरीत सोडली की पडद्यावर आकडा उमटतो, आणि त्या आकड्याचा शेवटचा अंक नजरेसमोर खाली सरकत असतो. टेक्नेशियमचा अर्धायुष्यकाल सहा तासांचा आहे. सकाळी आठ वाजता ७४० मेगाबेक्वेरेल (किरणोत्साराचे एकक) मोजून ठेवलेली मात्रा अकरा वाजता सुमारे ५२३ उरते आणि दुपारी दोनला ३७०. ज्या मूलद्रव्यावर आमचा हा सगळा संसार उभा आहे, ते १९३७मध्ये पालेर्मो येथे कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांना बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) आलेल्या मॉलिब्डेनमच्या एका पट्टीत सापडले. पृथ्वीवर ते इतके दुर्मीळ की ते माणसाने घडवलेले पहिले मूलद्रव्य ठरले, आणि त्याच्या नावाचा अर्थही “कृत्रिम” असाच आहे.

जे साठवून ठेवता येत नाही त्याच्यावर अवलंबून राहण्याची किंमत जगाने एकदा चांगलीच मोजली आहे. कॅनडातली चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी मॉलिब्डेनमच्या जागतिक पुरवठ्याचा मोठा वाटा उचलत होती. मे २००९मध्ये जडपाण्याची गळती आढळल्याने ती बंद पडली आणि ऑगस्ट २०१०पर्यंत सुरू झाली नाही. अनेक देशांत स्कॅन पुढे ढकलले गेले, ज्यांचे खोळंबले त्यांत कर्करोगाचे आणि हृदयाचे रुग्ण होते. रुग्ण उशिरा आला, शीर सापडली नाही किंवा कॅमेरा बिघडला म्हणून मात्रा वाया जाते, तेव्हा दूर कुठेतरी भट्टीपासून सुरू झालेला एक लांब प्रवास माझ्या हातात संपलेला असतो. म्हणून शीर मिळत नसेल तर दुसऱ्यांदा स्वतः टोचण्याचा हट्ट न धरता मी अधिक सराईत सहकाऱ्याला बोलावते.

पुन्हा त्या दहा मिनिटांकडे येते, कारण तिथे मी जे विचारते त्याच्यावर नंतरचे चित्र उभे राहते. नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्याच तोंडून ऐकायची. स्त्री असेल तर गर्भारपणाची शक्यता आणि अंगावर पाजणे याबद्दल विचारायचे, तेही इतरांसमोर नाही. मग पडझड, जुने मोडलेले हाड, दातांचे उपचार, शस्त्रक्रिया. एका बाईंनी मी तिसऱ्यांदा विचारल्यावर आठवून सांगितले की दोन महिन्यांपूर्वी त्या जिन्यावर घसरल्या होत्या. काही विशेष लागले नव्हते म्हणून डॉक्टरांना सांगितलेही नव्हते. तीन तासांनी त्यांच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूच्या चार बरगड्यांवर एकाखाली एक, एका रेषेत, चार ठिपके उजळले. कर्करोगाच्या रुग्णाच्या बरगड्यांवरचे ठिपके पाहून कोणाच्याही काळजात धस्स होईल, पण असे रांगेत उभे असलेले ठिपके बहुधा आघाताचे असतात. अर्जावर मी लिहून ठेवलेली घसरण्याची ती एक ओळ अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या समोर होती.

पीईटी (पेट) स्कॅनमध्ये तर या दहा मिनिटांचा परिणाम डोळ्यांना दिसतो. तिथे वापरतात ते एफडीजी, म्हणजे फ्लोरीन-१८ जोडलेली साखर. अर्धायुष्यकाल ११० मिनिटे. भुकेल्या पेशी ती साखर समजून आत घेतात, पण पुढे तिचे पचन होत नाही आणि ती तिथेच अडकून पडते. इंजेक्शननंतर रुग्णाला सुमारे तासभर मंद प्रकाशाच्या खोलीत स्वस्थ पडून राहायचे असते, आणि त्या तासात शरीराने जे जे केले ते चित्रात उतरते. बोलत राहिला तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. काही चघळत राहिला तर जबडा उजळतो. थंडीने कुडकुडला तर मानेतली आणि खांद्यांतली तपकिरी चरबी पेटते आणि गाठींच्या शोधात नेमका तिथेच गोंधळ होतो. घाबरून मान आणि खांदे आवळून धरले, तर मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू लखलखीत दिसतात. भीतीचे असे चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ पडद्यासमोरून हलले नाही. मनात धरून ठेवलेली गोष्ट माणसाच्या खांद्यांवर अक्षरशः उमटली होती. रुग्णाला दिलेले दुसरे ब्लँकेट, “पुढचा तासभर तुम्ही काहीही करायचे नाही, डोळे मिटा, मी काचेतून पाहत असेन” हे हळू आवाजात बोललेले वाक्य, या गोष्टींकडे मी तेव्हापासून स्कॅनच्या गुणवत्तेचा भाग म्हणून पाहते.

हे किरण टिपून चित्र काढणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. हाल अँगर यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कलीत तो घडवला, आणि त्याचा गाभा आजही बहुतांश तोच आहे : सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक, त्यामागे प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांची रांग, आणि पुढे हजारो छिद्रांची शिशाची चाळण, जिला कॉलिमेटर म्हणतात. ही चाळण सरळ येणारे किरणच आत सोडते. शरीरातून निघालेल्या दहा हजार किरणांतला एखाद-दुसराच चित्रापर्यंत पोहोचतो. त्यामुळे आमचे चित्र क्षणात निघत नाही, ते ठिपक्याठिपक्याने जमत जाते, आणि रुग्णाला दहा, वीस, कधी तीस-चाळीस मिनिटे निश्चल पडावे लागते.

मोठ्या माणसांना हे समजावता येते. मूत्रपिंडाच्या स्कॅनला आलेल्या चार वर्षांच्या मुलाला काय समजावणार? मी एकदा अशा मुलाच्या बोटाला धरून त्याला आधी रिकामे टेबल दाखवले, त्याच्या कापडी हत्तीला टेबलावर झोपवले, कॅमेरा हत्तीच्या अगदी जवळ आणला आणि दोघांनी मिळून हत्ती हलतो का ते पाहिले. हत्ती हलला नाही. खऱ्या स्कॅनच्या वेळी मुलाने हत्तीला पोटाशी धरले आणि पाच पाच मिनिटांच्या चार बाजू न हलता काढू दिल्या. शेवटच्या बाजूला त्याला झोप लागली होती. भूल न देताही ते चित्र अगदी स्वच्छ आले.

माझ्या हातून झालेली एक चूक मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एका रुग्णाच्या स्कॅनमध्ये उजव्या खुब्याच्या सांध्याजवळ एक ठळक ठिपका दिसला. मी चित्र पुरे झाले असे समजून ते पुढे पाठवणार होते. वरिष्ठ सहकारी मागून म्हणाले, “बाई, आधी कपडे बदलायला लावा.” रुग्णाने टेबलावर येण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे असा नियम आहे, आणि औषध लघवीतून बाहेर पडत असल्याने एक थेंब कापडावर सांडला तरी तो कॅमेऱ्याला हाडासारखाच दिसतो. गाऊन बदलला, त्वचा पुसली, पुन्हा चित्र घेतले, ठिपका नाहीसा झाला. त्या दिवशी मी घाईत होते, आधी सूचना देताना हा मुद्दा गाळला होता, आणि एका निरोगी हाडावर रोगाचा शिक्का बसता बसता राहिला.

थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ची मोठी मात्रा देतात तेव्हा अंतराचा प्रश्न सर्वांत कठोर होतो. १९४१मध्ये सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या विकारावर किरणोत्सारी आयोडीन पहिल्यांदा वापरले, त्यानंतर असंख्य माणसे या उपचाराने बरी झाली आहेत. पण रुग्णाला काही दिवस एकट्याने खोलीत राहावे लागते, आणि मी दाराशी, शिशाच्या पडद्याआडून, मोजकी मिनिटे बोलते. एका तरुण आईला तिच्या तान्ह्या मुलीपासून दूर राहायचे होते. कॅप्सूल गिळण्याआधी मी तिच्याजवळ अर्धा तास बसले. आम्ही दोघींनी मिळून घरी गेल्यावर कोणत्या दिवशी काय चालेल याचा कागद तयार केला, त्यात मुलीला पुन्हा कुशीत घेण्याची तारीख तिने स्वतःच्या हाताने लिहिली. तो कागद तिने खोलीच्या भिंतीवर चिकटवला.

एक अंतर मात्र आधी बसूनही कमी करता येत नाही. स्कॅन सुरू असताना चित्र सर्वांत आधी मला दिसते. कण्यावर, बरगड्यांवर, खुब्यावर विखुरलेले ठिपके एकेक करून उगवताना मी पाहते. कधी सांगाडा इतका एकसारखा तेजस्वी दिसतो की मूत्रपिंडे जवळजवळ दिसेनाशी होतात, आणि वरवर निर्दोष भासणारे ते चित्र सर्वांत वाईट असते. रुग्णाला टेबलावरून उतरवताना तो माझा चेहरा वाचत असतो. “काही दिसले का हो, ताई?” हा प्रश्न मला वर्षातून शेकडो वेळा विचारला जातो. निदान सांगणे माझे काम नाही, आणि ते योग्यच आहे. जुन्या चित्रांशी ताडून पाहिल्याशिवाय, रक्ताचे अहवाल पाहिल्याशिवाय त्या ठिपक्यांचा अर्थ लावणे धोक्याचे असते. तरी मी खोटेही बोलत नाही. “सगळे ठीक आहे” असे मी कोणालाही म्हणत नाही, कारण एकाला म्हटले की ज्याला म्हणणार नाही त्याला ते कळेल. मी सगळ्यांना तेच सांगते : “चित्रे स्पष्ट आली आहेत, पुन्हा काढावी लागणार नाहीत, डॉक्टर ती नीट पाहून तुमच्याशी बोलतील.” हेही मी आता आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर माझ्या गप्प राहण्यातून कोणी काही वाचू नये. ते पूर्णपणे साधते असे नाही. काही रुग्ण माझ्याकडे पाहतात आणि काहीच विचारत नाहीत.

संध्याकाळी सर्व्हे मीटर, म्हणजे सांडलेला किरणोत्सार शोधणारे यंत्र, घेऊन मी टेबल, फरशी, बेसिन, दाराच्या मुठी आणि कचऱ्याचे डबे तपासते. दिवसभराच्या सिरिंजा आणि कापूस तारीख घालून शिशाच्या कपाटात जातात. दहा अर्धायुष्ये, म्हणजे टेक्नेशियमसाठी साठ तास, उलटली की मूळ मात्रेचा हजारावा हिस्साही उरत नाही. सर्वांत शेवटी इंजेक्शनच्या खोलीतली खुर्ची आणि तिच्याशेजारचे माझे स्टूल. आज दोन्हींवर काटा नेहमीच्या पार्श्वभूमीच्या आकड्यावरच राहिला. बॅज काढून मी त्याच्या खुंटीवर लावला आणि उद्याची यादी पाहिली. पहिले नाव सहा वर्षांच्या एका मुलीचे आहे, इंजेक्शनची वेळ नऊची. तिच्या आईला फोन करून मी साडेआठलाच यायला सांगितले आहे, आणि मुलीचे आवडते खेळणे बरोबर आणायलाही.